रिझोल्यूशन वाढवू की डिटेल? गेमच्या सेटिंग लावताना आधी काय बघायचं

नवीन गेम टाकला की आधी ग्राफिक्सचा मेनू उघडायचा आणि तिथेच अडकून बसायचं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांचं होतं. ग्राफिक्स कार्डाची ताकद ठरलेली असते, ती एकतर पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, वाढवण्यात (हेच रिझोल्यूशन) घाला नाहीतर सावल्या, प्रकाश, टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली पृष्ठभागाची चित्रं), गवत यांच्यात घाला, दोन्ही पूर्ण मिळत नाही आणि मग प्रश्न पडतो की १०८०पी (१९२० बाय १०८० पिक्सेल) ला सगळं अल्ट्रावर ठेवू का ४के (३८४० बाय २१६०) लावून सगळं मीडियमवर आणू. मी बरीच वर्षं हे उलटसुलट करून बघितलंय, तर माझं मत आधीच सांगून टाकतो. रिझोल्यूशनला एक "पुरेसं" असतं. तुमच्या स्क्रीनला आणि तुम्ही बसता त्या अंतराला पुरेल एवढं रिझोल्यूशन आधी घ्या, त्याच्या फार खाली उतरू नका, आणि एकदा तिथे पोचलात की उरलेली सगळी ताकद प्रकाशाला आणि टेक्स्चरला द्या. आणि हे "पुरेसं" म्हणजे किती, ते टेप घेऊन मोजता येतं, अंदाजाने ठरवावं लागत नाही. ते कसं ते खाली लिहितोय, फक्त त्याआधी थोडं कारण सांगतो म्हणजे पुढच्या सेटिंग का तशा लावायच्या ते कळेल.

जुनी डीव्हीडी आठवा. तिचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे जेमतेम ४ लाख १५ हजार पिक्सेल. ४के स्क्रीनवर ८२ लाख ९४ हजार असतात, म्हणजे बरोब्बर वीसपट. तरीपण डीव्हीडीवरचा माणूस माणूसच दिसतो, त्याच्या चेहऱ्यावर पडलेला खिडकीचा उजेड खरा वाटतो, आणि ४के मध्ये चालणारा गेम मात्र कितीही शार्प असला तरी लगेच ओळखू येतो की हा गेम आहे. मग वीसपट पिक्सेल गेले कुठे? गेले नाहीत, त्यांच्यात भरायला माल नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलवर त्या जागेतून आलेला सगळा उजेड जमा होतो, पानाची कड, मागचं आभाळ, सावली, सगळ्यांची सरासरी होऊन एक रंग मिळतो. गेममध्ये एका पिक्सेलसाठी एका फ्रेमला (स्क्रीनवर एकामागून एक येणाऱ्या चित्रांतल्या एका चित्राला) बहुतेक वेळा एकच नमुना घेतला जातो, पिक्सेलच्या मध्यावर काय आहे एवढंच बघतात. मध्यावर पान असेल तर हिरवा, पान एक केस बाजूला सरकलं तर निळा. म्हणून गेममध्ये कडा पायऱ्यांसारख्या दिसतात आणि तारा, जाळ्या, गवत चालताना झिलमिलतं.

म्हणजे रिझोल्यूशन वाढवून आपण खरं तर दोन वेगळ्या गोष्टी विकत घेत असतो. एक, बारीक गोष्टी स्पष्ट दिसणं. दोन, ही झिलमिल आणि पायऱ्या कमी होणं. दुसरी गोष्ट अँटी-अलायझिंगने (कडांच्या पायऱ्या गुळगुळीत करणाऱ्या सेटिंगने) स्वस्तात मिळू शकते, पहिली तुमच्या डोळ्याला एका हद्दीपलीकडे दिसतच नाही. आणि उजेड, सावली, पृष्ठभागाचा पोत, ही तिसरीच गोष्ट आहे, ती पिक्सेल वाढवून कधीच मिळत नाही.

२०१३ मध्ये नवे कन्सोल आले तेव्हा यावरून केवढे वाद झाले होते. बॅटलफील्ड ४ एकावर ७२०पी तर दुसऱ्यावर ९००पी, आणि लोक पिक्सेल मोजत बसलेले. त्याच वेळी रायझ: सन ऑफ रोम नावाचा गेम १६०० बाय ९०० मध्ये चालत होता, म्हणजे फुल एचडीपेक्षा कमी, आणि तरी त्या वर्षीचा सगळ्यात देखणा गेम कोणता म्हटलं तर कित्येकांनी त्याचंच नाव घेतलं असतं, मी तर नक्कीच. चिलखतावरचा उजेड, कातडीचा पोत, धूर, हे सगळं इतकं नीट केलं होतं की कडा थोड्या मऊ आहेत हे सोफ्यावर बसून लक्षातच यायचं नाही. उलट बाजूचं उदाहरणही देतो नाहीतर एकतर्फी होईल: रेड डेड रिडेम्प्शन २ पीसीवर १०८०पी ला खेळून बघा, डिटेल सगळे अल्ट्रा ठेवले तरी झाडांची पानं, घोड्याची आयाळ, दाढीचे केस सगळं पुसट, जरा ओल्या फडक्याने पुसल्यासारखं दिसतं. तिथे डिटेल खच्चून भरलेत पण ते दाखवायला पिक्सेल पुरत नाहीत, आणि तोच गेम १४४०पी (२५६० बाय १४४०) किंवा ४के ला नेला की एकदम उघडतो. म्हणून सरसकट उत्तर नाही, आधी मोजायचं.

पहिलं काम: टेप घ्या

साधारण चांगली नजर असलेल्या माणसाला एका अंशात ६० पिक्सेल एवढं वेगळं ओळखता येतं. याचा हिशोब सोपा आहे: तुमच्या स्क्रीनची नुसती चित्राची रुंदी (कडा सोडून) मिलिमीटरमध्ये मोजा, तिला आडव्या पिक्सेलने भागा, म्हणजे एका पिक्सेलची साईज मिळेल, आणि तिला ३.४४ ने गुणा. येईल ते अंतर मीटरमध्ये. त्यापेक्षा लांब बसत असाल तर एकेक पिक्सेल वेगळा दिसणार नाही, जवळ बसत असाल तर दिसू शकतो.

मी काही नेहमीच्या स्क्रीनचे आकडे काढून ठेवलेत. २४ इंची १०८०पी मॉनिटरला साधारण ९५ सेंटीमीटर येतात. २७ इंची १०८०पी ला १०७ सेंटीमीटर, आणि कोणीच डेस्कवर एवढं लांब बसत नाही, म्हणूनच २७ इंचावर १०८०पी नेहमी भरड वाटतं. तोच २७ इंची १४४०पी असेल तर ८० सेंटीमीटर, ४के असेल तर ५३. लॅपटॉपची १५.६ इंची १०८०पी स्क्रीन ६२ सेंटीमीटरला पुरते. ५५ इंची टीव्ही ४के असेल तर ११० सेंटीमीटर, आणि त्याच टीव्हीवर १०८०पी चित्र असेल तर साधारण २ मीटर १८. आता बघा, सोफा टीव्हीपासून अडीच मीटरवर असेल तर ५५ इंची टीव्हीवर नेटिव्ह (गेमने आतूनच पूर्ण काढलेल्या) ४के साठी कार्डाचा जीव काढणं म्हणजे न दिसणाऱ्या गोष्टीवर सगळी ताकद घालवणं आहे. आणि डेस्कवर ६० सेंटीमीटरवर २७ इंची स्क्रीन असेल तर १०८०पी आणि १४४०पी मधला फरक ठळक दिसणार, तिथे आधी रिझोल्यूशनच बघा.

यात एक मेख आहे. पिक्सेल वेगळा दिसला नाही तरी तिरक्या रेषेतल्या पायऱ्या मात्र त्याही पलीकडे जाणवतात, कारण रेषा किंचित सरकली आहे हे ओळखण्यात आपला डोळा पिक्सेल ओळखण्यापेक्षा कितीतरी तेज आहे. शिवाय झिलमिल हलते आणि हलणारी गोष्ट नजर लगेच पकडते. त्यामुळे वरच्या अंतराला "इथून पुढे रिझोल्यूशन नको" असं न घेता "इथून पुढे जास्त पिक्सेल घेण्याऐवजी चांगलं अँटी-अलायझिंग घ्या" असं घ्या.

हातात धरायची मशीन असेल तर चिंता नाही. मूळ स्टीम डेकची ७ इंची स्क्रीन १२८० बाय ८०० आहे, हिशोब केला तर ४० सेंटीमीटर येतं, म्हणजे हात थोडे वाकवून धरलं की तेवढंच. तिथे ८००पी पुरेसं, बाकी सगळं डिटेलला आणि बॅटरीला. व्हीआरचं (डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटचं) अगदी उलट. क्वेस्ट २ मध्ये एका डोळ्याला १८३२ बाय १९२० पिक्सेल आहेत, ऐकायला भरपूर वाटतात, पण ते डोळ्यासमोर एवढे पसरलेले असतात की एका अंशात २० च्या आसपासच पडतात, ६० च्या एक तृतीयांश. व्हीआरमध्ये रिझोल्यूशनच आधी, सावल्या मागून बघू.

दुसरं: अडलंय कोण ते शोधा

हे न करता सेटिंग बदलणं म्हणजे अंधारात चाचपडणं. १०८०पी मध्ये २० लाख ७४ हजार पिक्सेल, १४४०पी मध्ये ३६ लाख ८६ हजार, म्हणजे जवळजवळ १.८ पट, आणि ४के म्हणजे १०८०पी च्या चौपट. पण ४के केलं म्हणून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते) नेमके चौथ्या हिश्श्यावर येतात असं होत नाही, कारण सगळं काम पिक्सेलमागे नसतं. सावल्यांचे नकाशे, मॉडेलचे त्रिकोण, आणि प्रोसेसरकडचं काम (गर्दी, फिजिक्स, किती वस्तू काढायच्या त्यांची यादी) रिझोल्यूशन बदललं तरी साधारण तेवढंच राहतं.

तर असं करा. व्हीसिंक (फ्रेमचा वेग स्क्रीनच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा दोन्ही बंद करा, गेममध्ये गजबजलेल्या जागी उभे राहा, आकडा लिहून घ्या. मग रिझोल्यूशन एकदम खाली आणा, अगदी ७२०पी ला, आणि परत आकडा बघा. एफपीएस भरपूर वाढले तर अडलंय ते ग्राफिक्स कार्ड, मग पुढचं सगळं वाचा. एफपीएस जागचे हललेच नाहीत तर अडलाय प्रोसेसर, आणि हे कळणं फार मोलाचं आहे, कारण मग तुमच्याकडे कार्डाची ताकद नुसती पडून आहे. रिझोल्यूशन वाढवा, एफपीएस फारसे पडणार नाहीत! मी कित्येक जणांना बघितलंय, एफपीएस कमी येतात म्हणून बिचारे रिझोल्यूशन कमी करत राहतात, चित्राची वाट लागते आणि एफपीएस तिथेच. त्यांना खरं तर गर्दी, लांबवर दिसण्याचं अंतर, वस्तूंची संख्या हे कमी करायला हवं होतं.

तिसरं: डिटेलमधलं काय ठेवायचं, काय सोडायचं

"डिटेल" म्हणून मेनूत वीसेक गोष्टी असतात पण त्या सगळ्या एका मापाच्या नाहीत. काही जवळजवळ फुकट आहेत, काही कार्ड खाऊन टाकतात आणि दिसतही नाहीत.

टेक्स्चर सगळ्यात आधी. कार्डाच्या मेमरीत बसत असतील तर टेक्स्चर वर नेल्याने एफपीएस फारसे पडत नाहीत, आणि भिंती, कपडे, रस्ता सगळ्याचा चेहरामोहरा बदलतो. म्हणून मेमरी पुरेल तिथपर्यंत टेक्स्चर वर. पुरत नसेल तर मात्र एक पायरी खाली या, हट्ट करू नका, कारण मेमरी भरली की गेम अधूनमधून अडखळतो, झटके बसतात, किंवा भिंती आधी चिखलासारख्या दिसतात आणि दोन सेकंदांनी नीट होतात. आणि हो, मेमरी फक्त टेक्स्चर खात नाहीत, रिझोल्यूशन वाढवलं की त्याचे बफरही (तयार होणारं चित्र साठवायच्या जागा) वाढतात, रे ट्रेसिंगही (प्रकाशाचे किरण मोजून उजेड-सावली काढणं) खातं, त्यामुळे ८ जीबीच्या कार्डावर ४के, अल्ट्रा टेक्स्चर आणि रे ट्रेसिंग असं तिन्ही एकत्र मागितलं की नव्या गेममध्ये बहुधा अंगाशी येतं.

इथे रिझोल्यूशन आणि डिटेल एकमेकांत कसे अडकलेत तेही बघा. ४०९६ बाय ४०९६ च्या एका टेक्स्चरमध्ये १ कोटी ६७ लाख टेक्सेल (टेक्स्चरचे ठिपके) असतात, आणि तुमच्या १०८०पी च्या अख्ख्या स्क्रीनवर पिक्सेल २० लाख. म्हणजे ते टेक्स्चर पूर्ण कधी दिसूच शकत नाही. एखादं पिंप स्क्रीनवर ३०० पिक्सेल उंच दिसत असेल तर कार्ड आपोआप त्याच्या टेक्स्चरची छोटी प्रत उचलतं, यालाच मिपमॅप म्हणतात. अल्ट्रा टेक्स्चर तेव्हाच कळतं जेव्हा तुम्ही भिंतीला नाक लावता किंवा स्क्रीनवर पिक्सेल जास्त असतात. १०८०पी वर हाय आणि अल्ट्रा टेक्स्चरमधला फरक बऱ्याच गेममध्ये शोधून सापडत नाही, त्याचं कारण हेच.

अॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग १६ वर ठेवा आणि विसरून जा. तिरक्या कोनातून दिसणारी जमीन, रस्ता, फरश्या लांबपर्यंत स्पष्ट राहतात आणि आजच्या कार्डांना त्याचा भार जाणवतसुद्धा नाही. कोणी फक्त एकच सेटिंग बदल म्हणालं तर मी ही बदलेन.

त्यानंतर प्रकाश. अँबियंट ऑक्लुजन म्हणजे कोपऱ्यात, टेबलाखाली, पायाशी पडणारा मंद अंधार, तो बंद केला की सगळ्या वस्तू जमिनीवर तरंगताना दिसतात. हा कधीच बंद करू नका, अगदी साध्या प्रकारचा का होईना पण चालू ठेवा. सावल्या हाय किंवा मीडियम-हाय बस झाल्या, अल्ट्रा सावल्या जड असतात आणि लांबच्या सावल्यांच्या कडा कोणी बघत बसत नाही. धुकं आणि ढगांची सेटिंग सगळ्यात फसवी, अल्ट्रावर प्रचंड खाते आणि मीडियमवर जवळपास तशीच दिसते, आधी तीच खाली आणून बघा. रिफ्लेक्शन पावसाळी, रात्रीच्या, शहरी गेममध्ये वर ठेवा, जंगलात आणि वाळवंटात खाली चालतात.

रे ट्रेसिंगबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. किरण पिक्सेलमागे सोडले जातात, त्यामुळे पिक्सेल वाढले की रे ट्रेसिंगचा खर्च जवळपास त्याच मापात वाढतो. इथे रिझोल्यूशन आणि डिटेल यांची सरळ ओढाताण आहे. सायबरपंक २०७७ ला एप्रिल २०२३ मध्ये पूर्ण पाथ ट्रेसिंगचा (सगळा उजेड किरणांनीच काढण्याचा) मोड आला तेव्हा आरटीएक्स ४०९० सारख्या तगड्या कार्डालाही नेटिव्ह ४के मध्ये ३० एफपीएस धड मिळत नव्हते. पण तोच मोड कमी रिझोल्यूशनवरून अपस्केल करून, म्हणजे मोठा करून, बघितला आणि मग साध्या प्रकाशात नेटिव्ह ४के बघितलं, तर मी एका क्षणात पहिलं निवडतो. गल्लीतल्या निऑनचा रंग समोरच्या भिंतीवर, ओल्या रस्त्यावर, माणसाच्या गालावर जसा सांडतो ते बघून पिक्सेल मोजायची इच्छाच उरत नाही. माइनक्राफ्टही बघा, तिथे ठोकळ्याचं टेक्स्चर १६ बाय १६ चं. ४के केलं तरी ठोकळ्यांच्या कडा शार्प होतात, बाकी काही नाही. २०२० मध्ये त्यात रे ट्रेसिंग आलं आणि तेच ठोकळे, तीच १६ पिक्सेलची माती, पण गुहेत मशाल लावली की वेगळाच गेम. प्रकाशाची ताकद समजून घ्यायची असेल तर याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर करणं), फिल्म ग्रेन (चित्रावरचे दाणे), क्रोमॅटिक अॅबरेशन (कडांना रंगांची झालर) हे मी सरळ बंद करतो. तुम्ही एवढे कष्ट करून पिक्सेल मिळवलेत आणि हे तिघं मिळून त्यावर पाणी ओततात. ज्यांना सिनेमासारखं दिसणं आवडतं त्यांनी ठेवावं, पण निदान एकदा बंद करून बघा.

अपस्केलिंग: हल्ली खरा निर्णय इथेच होतो

२०१८ मध्ये एनव्हिडियाचं डीएलएसएस हे अपस्केलिंगचं तंत्र जाहीर झालं तेव्हाची पहिली आवृत्ती पुसट होती, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते खऱ्या अर्थाने वापरण्याजोगं झालं. मग २०२१ ला एएमडीचं एफएसआर आलं, २०२२ ला त्याची मागच्या फ्रेमची माहिती वापरणारी दुसरी आवृत्ती आणि इंटेलचं एक्सईएसएस. तत्त्व एकच: आत कमी पिक्सेल काढायचे, मागच्या कित्येक फ्रेममधले नमुने गोळा करून त्यातून मोठं चित्र बनवायचं. वर म्हटलं ना की गेम एका पिक्सेलला एकच नमुना घेतो, तर इथे दर फ्रेमला तो नमुना थोडा सरकवून घेतात आणि आठ-दहा फ्रेममध्ये बरेच नमुने जमतात. म्हणून कधीकधी ते साध्या नेटिव्हपेक्षाही तारा आणि जाळ्या नीट दाखवतं.

क्वालिटी मोडमध्ये प्रत्येक बाजू दोन तृतीयांश असते, बॅलन्स्डमध्ये ५८ टक्के, परफॉर्मन्समध्ये निम्मी, अल्ट्रा परफॉर्मन्समध्ये एक तृतीयांश. आता हे तुमच्या स्क्रीनला लावून बघा. ४के वर क्वालिटी म्हणजे आत १४४०पी, परफॉर्मन्स म्हणजे १०८०पी, आणि दोन्ही छान दिसतात कारण गोळा करायला भरपूर नमुने आहेत. १४४०पी वर क्वालिटी म्हणजे आत ९६०पी, हेही चालतं, त्याखाली मी जात नाही. १०८०पी वर क्वालिटी म्हणजे आत फक्त ७२०पी, आणि तिथे मात्र केस, पानं, जाळ्या विरघळायला लागतात, हलताना मागे भुतासारख्या छाया राहतात. १०८०पी स्क्रीनवाल्यांनी आधी धुकं, सावल्या, रिफ्लेक्शन खाली आणावं आणि तरी जमलं नाही तरच अपस्केलिंग लावावं. उलट कार्डात ताकद उरत असेल तर डीएलएए लावा, तिथे आतलं रिझोल्यूशन कमी न करता तेच तंत्र फक्त कडा नीट करायला वापरतात, १०८०पी वर त्याने फार फरक पडतो.

स्क्रीनचं रिझोल्यूशन मात्र विंडोजमधून किंवा गेममधून खाली आणू नका, हा माझा स्वतःचा धडा आहे. मी २७ इंची ४के मॉनिटर घेतला तेव्हा कार्ड जुनं होतं, गेम झेपेनात, म्हणून मी गेम १४४०पी ला लावून खेळत होतो आणि चित्र असं काही मऊ दिसायचं की मला वाटलं मॉनिटरच खराब निघाला. महिना दोन महिने तसंच खेळलो. कारण साधं होतं, एलसीडीचे पिक्सेल पक्के असतात, १४४० च्या एका पिक्सेलला ४के चे दीड पिक्सेल येतात आणि दीड पिक्सेल दाखवता येत नाही, मग शेजारी-शेजारी रंग मिसळून पुसट होतं. १०८०पी लावलं असतं तर निदान एकाला बरोबर दोन-दोन आले असते. जुन्या सीआरटीला असे पक्के पिक्सेल नव्हते म्हणून तिथे कुठलंही रिझोल्यूशन गोड दिसायचं. आता करायचं असं की आउटपुट नेहमी स्क्रीनच्या स्वतःच्या (नेटिव्ह) रिझोल्यूशनवर, आणि कमी करायचं ते गेममधलं रेंडर स्केल (आतलं चित्र किती टक्के काढायचं ती सेटिंग) किंवा अपस्केलर. त्यात अजून एक फायदा, मेनू, नकाशा, अक्षरं नेटिव्हमध्येच राहतात आणि वाचताना डोळे ताणावे लागत नाहीत.

अपस्केलिंग लावल्यावर रस्ता आणि भिंती आधीपेक्षा पुसट वाटल्या तर गेमने मिपमॅप आतल्या कमी रिझोल्यूशनच्या हिशोबाने उचलले असण्याची शक्यता असते, काही गेम ही दुरुस्ती करायची विसरतात. शार्पनिंग थोडं वाढवून बघा, पण थोडंच, कडांभोवती पांढरी रेघ दिसायला लागली की जास्त झालं.

एफपीएस विसरू नका, तेही रिझोल्यूशनच आहे

हे खूप जणांना पटत नाही पण हिशोब करून बघा. कॅमेरा फिरवताना चित्र स्क्रीनवरून सेकंदाला ९६० पिक्सेल सरकतंय, म्हणजे तसं हळूच. ६० एफपीएसला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंद तशीच पडून राहते, तेवढ्यात तुमचा डोळा पुढे सरकतो, आणि प्रत्येक कड १६ पिक्सेल पसरल्यासारखी दिसते. ३० ला ३२ पिक्सेल, १२० ला ८. म्हणजे ४के घेऊन ३० एफपीएसला खेळत असाल तर उभं राहून देखावा बघताना ४के आहे, पळायला लागलात की बारीकसारीक सगळं गेलं. पळापळीच्या गेममध्ये १४४०पी आणि ९० एफपीएस हे ४के आणि ४० एफपीएसपेक्षा डोळ्याला जास्त स्पष्ट दिसतं. काउंटर-स्ट्राइकचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू आजही १२८० बाय ९६० ला खेळतात, त्यांना फ्रेम आणि सवय महत्त्वाची, देखावा नको असतो. विमानांचे सिम्युलेटर आणि स्ट्रॅटेजी गेम मात्र रिझोल्यूशनवालेच, लांबचं विमान दोन पिक्सेलचं असतं तिथे डिटेल कसले लावणार, आणि स्ट्रॅटेजीमध्ये शंभर छोटी माणसं आणि अक्षरं वाचायची असतात. हळू चालणारे, गोष्ट सांगणारे गेम असतील तर ६० किंवा अगदी स्थिर ४० एफपीएसवर थांबा आणि सगळं प्रकाशाला द्या.

शेवटी तपासणी

गेममध्ये दोन जागा निवडा, एक बाहेर जिथे झाडं, तारा, कुंपण असेल, दुसरी आत जिथे एक दिवा आणि बरंच सामान असेल. पहिली रिझोल्यूशनची परीक्षा घेते, दुसरी प्रकाशाची. दोन्हीकडे सेव्ह करून ठेवा. दोन मांडण्या तयार करा, एक जास्त रिझोल्यूशन आणि मीडियम डिटेल, दुसरी अपस्केलिंग आणि हाय डिटेल, दोन्हींचे एफपीएस साधारण सारखे येतील अशा, नाहीतर तुलना फसते. मग प्रत्येक जागी दोन मिनिटं चाला, पळा, वळा. थांबवून, झूम करून, स्क्रीनशॉट शेजारी ठेवून बघू नका, तसं आपण खेळत नाही, आणि थांबलेल्या चित्रात नेहमी जास्त रिझोल्यूशनच जिंकतं कारण झिलमिल आणि भुताच्या छाया त्यात दिसतच नाहीत. नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या अंतरावर बसा.

जमलं तर घरातल्या कोणाला तरी सेटिंग बदलायला सांगा आणि तुम्ही पाठ करून उभे राहा, मग बसून ओळखा कुठली कुठली आहे. मी हे धाकट्या भावाबरोबर केलं तेव्हा ४के वर नेटिव्ह आणि डीएलएसएस क्वालिटी मला पाचपैकी दोनदाच ओळखता आलं, रे ट्रेसिंगचा प्रकाश चालू का बंद ते मात्र आतल्या जागेत पाचही वेळा. त्या दिवसापासून मी नेटिव्ह ४के चा नाद सोडला. तुमच्या डोळ्यांचा निकाल वेगळा येऊ शकतो, आला तर तोच धरा. मग व्हीसिंक आणि एफपीएसची मर्यादा परत चालू करा, तपासताना बंद केली होती ती बऱ्याचदा तशीच राहून जाते आणि पंखे उगाच बोंबलत राहतात.